वहिनींचं जुनं सॉफ्टवेअर

आमच्या रांगेतला शेवटचा गाळा मिस्त्रीचा आणि त्याच्या अलीकडचा माझा. तो लाकडी खुर्च्या दुरुस्त करतो, मी त्यांच्या बैठकीवर कापड चढवतो. मोडकी खुर्ची आधी त्याच्याकडे जाते, मग माझ्याकडे येते, आणि शेवटी गिऱ्हाईक ती घरी नेऊन पुन्हा तिच्यावर उभं राहून दिवा बदलतं. आम्हा दोघांचं पोट त्यावरच चाललंय, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही.

पण मला सांगायचंय ते मिस्त्रीच्या बायकोबद्दल. सगळी रांग त्यांना वहिनी म्हणते, मीही म्हणतो.

वहिनी लग्नाआधीपासून एका व्हिडिओ स्टुडिओत एडिटिंगचं काम करायच्या. लग्नं, शाळांचे समारंभ, दुकानांची उद्घाटनं. लांबलचक भाषणं कापून माणसाला सोसतील एवढी करायची, हा त्यांचा हातखंडा. एकदा एका संस्थेच्या अध्यक्षांनी स्वतःचं भाषण पाहून स्टुडिओत फोन केला होता. म्हणाले, "मी इतकं मुद्देसूद बोललो होतो हे माझ्या लक्षातच नव्हतं." वहिनी ते सांगताना अजून हसतात. त्या भाषणातला निम्म्याहून जास्त भाग त्यांनी केराच्या टोपलीत टाकला होता.

पुढे ज्याच्या त्याच्या हातात कॅमेऱ्याचा फोन आला आणि स्टुडिओ बंद पडला. मालकाने निरोप देताना वहिनींना त्यांचा कॉम्प्युटर देऊन टाकला, आतल्या सॉफ्टवेअरसकट. तो मिस्त्रीच्या गाळ्यातल्या पोटमाळ्यावर आला. खाली करवत चालते, वर वहिनींचं काम चालतं. भुसा सगळीकडे उडतो म्हणून त्यांनी कीबोर्डवर प्लॅस्टिकचं झाकण शिवून घातलंय आणि शेजारी रंगकामाचा जुना ब्रश ठेवलाय, झटकायला. कीबोर्डवरची बरीचशी अक्षरं पुसून गेलीत. वहिनींना त्याने काही फरक पडत नाही. बोटं आपोआप जातात.

आता मिस्त्रीविषयी. मिस्त्री अडखळतो. लहानपणापासून. एखादा शब्द तोंडाशी येतो आणि तिथेच अडकून बसतो. कधी पहिलं अक्षर चार वेळा येतं, कधी काहीच येत नाही; तोंड उघडं, हनुवटी वर, डाव्या हाताची मूठ ॲप्रनवर घट्ट. अडलेल्या शब्दाला बगल देऊन दुसरा शब्द घ्यायची कला त्याला चांगली साधलीय. 'ख' त्याला फार छळतो. बिचारा जन्मभर खुर्च्या दुरुस्त करतोय आणि खुर्चीला 'बैठक' म्हणतो. नवं गिऱ्हाईक गोंधळतं. "बैठक कधी आहे?" असंही एकाने विचारलं होतं.

आमच्याशी बोलताना फारसं अडत नाही. अनोळखी माणूस असला की वाढतं, आणि फोनवर तर बोलायलाच नको. फोन वाजला की तो माझ्याकडे नाहीतर वरती वहिनींकडे बघतो.

त्यातूनच त्यांचे व्हिडिओ सुरू झाले. लांब राहणाऱ्या एका गिऱ्हाइकाला डुगडुगणाऱ्या खुर्चीचा पाय घरच्या घरी कसा बसवायचा ते विचारायचं होतं. मिस्त्रीने फोन घेतला आणि पहिल्याच शब्दाला अडकला. पलीकडचा "हॅलो, हॅलो" करून फोन ठेवून मोकळा झाला. वहिनी वरून सगळं ऐकत होत्या. खाली आल्या, म्हणाल्या, "तुम्ही मलाच दाखवा. मी फोनवर घेते आणि त्यांना पाठवते."

वहिनींना सांगताना मिस्त्रीला वेळ लागला, पण सांगून झालं. वहिनींनी ते वर नेऊन कापलं आणि पाठवलं. त्या माणसाने चार जणांना पाठवलं, त्या चौघांनी आणखी कुणाला. मग वहिनींनी इंटरनेटवर त्याचं रीतसर चॅनेल काढलं. मोडलेला पाय, सुटलेली पाठ, वाळवी लागलेला कणा, उडालेलं पॉलिश. बघता बघता बरीच माणसं बघायला लागली.

त्या व्हिडिओंमध्ये मिस्त्री जवळजवळ अडखळायचा नाही. ती सगळी वहिनींची करामत. मला त्यांनी एकदा वर बोलावून दाखवलं होतं. पडद्यावर आवाजाची एक आडवी रेघ असते, बोललं की तिला डोंगर येतात. "हे बघा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "इथे एकसारखे चार छोटे डोंगर दिसतायत ना? इथे पहिलं अक्षर अडलंय. आणि इथे रेघ सपाट झालीय, इथे शब्द आलाच नाही." त्या डोंगर कापायच्या, सपाट तुकडा काढायच्या. पण आवाज असा मधूनच कापला की चित्रातलं डोकं टुणकन उडी मारतं. ते झाकायला त्या तेवढ्यापुरते मिस्त्रीचे हात दाखवायच्या. त्यासाठी हातांचं शूटिंग वेगळं करून ठेवायच्या. रंधा धरलेले हात, पटाशीवरचा अंगठा, सरस लावणारं बोट. बघणारे लिहायचे, 'हात किती जवळून दाखवता, सगळं नीट समजतं.' वहिनी ते वाचून मान डोलवायच्या आणि गप्प बसायच्या.

थोडं अडखळणं मात्र त्या तसंच ठेवायच्या. का, असं मी विचारलं. "सगळं काढलं तर ते मला आमचे वाटत नाहीत," एवढंच म्हणाल्या.

मिस्त्री स्वतःचे व्हिडिओ कधी बघायचा नाही. स्वतःचा आवाज ऐकायची त्याला चीड होती.

हे असं छान चाललेलं असताना वहिनींच्या बहिणीची मुलगी आली आणि येताना आपला फोन घेऊन आली. ही भाची जाहिराती बनवणाऱ्या कंपनीत एडिटिंग करते. तिने नवा फोन घेतला होता, जुना मावशीला दिला. जुना म्हणजे आपल्या हिशेबाने कोरा करकरीत. त्याच्या कॅमेऱ्यातून लाकडाची रेषा न्‌ रेषा दिसायची. मिस्त्री खूश. वहिनींनी त्यावर एक व्हिडिओ घेतला, कॉम्प्युटरमध्ये टाकला, आणि जुन्या सॉफ्टवेअरने हात वर केले. फाइल उघडेना. कशीबशी दुसऱ्या प्रकारात बदलून घेतली, तर चित्र दम लागल्यासारखं थांबत थांबत चालायला लागलं.

"मावशी, याला आता म्हातारपण आलंय," भाची म्हणाली. "त्या कंपनीनेसुद्धा कधीच सोडून दिलंय त्याला. नवं घे."

"नवं केवढ्याला?"

"विकत नाही मिळत. दर महिन्याला पैसे भरायचे."

"म्हणजे भाड्याने? आणि भरले नाहीत तर?"

"मग उघडत नाही."

"माझंच काम, माझ्याच कॉम्प्युटरमध्ये, आणि कुलूप त्यांचं?" वहिनींनी चष्मा काढून पदराला पुसला. "हे तर घरमालकाच्या वरताण झालं."

भाचीला हसू आवरेना. पण ती काही सोडणाऱ्यातली नव्हती. आपला लॅपटॉप तिने पोटमाळ्यावर मांडला आणि नवं सॉफ्टवेअर उघडून दिलं. काही दिवस फुकट वापरून बघायची सोय होती. "वापरून बघ, नाही आवडलं तर सोडून दे. लॅपटॉप राहू दे इथेच, मला ऑफिसचा आहे."

वहिनींना पहिले दोन दिवस घाम फुटला. प्रत्येक गोष्ट दुसरीकडेच. ज्या बटणाने पूर्वी तुकडा कापला जायचा त्याच बटणाने आता पडदा मोठा व्हायचा. वरून "अरे देवा" ऐकू आलं की आम्ही खाली समजायचो, पडदा मोठा झाला. पण फोनवरचं चित्र त्यात सरळ चालत होतं, आणि आणखी एक झालं. मी खुर्चीला कापड ठोकतो तेव्हा खिळ्यांच्या बंदुकीचा खटखट आवाज भिंतीपलीकडून त्यांच्या व्हिडिओत जायचा. वहिनींनी त्यासाठी मला किती वेळा काम थांबवायला लावलं असेल. नव्या सॉफ्टवेअरने तो एका टिचकीत पुसला. इतकी वर्षं खटखट करून मी जे नाव कमावलं होतं ते गेलं.

मग भाचीने ते बटण दाखवलं. 'बोलणं स्वच्छ करा' अशा अर्थाचं त्यावर लिहिलेलं होतं. अडखळणं, अं अं करणं, मधल्या रिकाम्या जागा, सगळं आपोआप निघून जातं. शिवाय कापल्यावर चेहरा उडी मारत नाही, तो सांधाही ते स्वतःच जोडतं.

"स्वच्छ म्हणजे?" वहिनी म्हणाल्या. "घाण कुठे होती?"

"अगं, नुसतं नाव आहे ते. दाबून तर बघ."

वहिनींनी दाबलं. थोडा वेळ एक चक्र फिरलं. आणि मिस्त्री बोलायला लागला. खुर्चीची मागची पट्टी कशी काढायची ते त्याने एका दमात सांगितलं. कुठे अडलं नाही, कुठे श्वास घेतलेला दिसला नाही. त्याचाच आवाज, त्याचाच चेहरा. एकदा तर 'खुर्ची' म्हणाला. शूटिंगच्या वेळी तो शब्द यायला किती वेळ लागला होता ते वहिनींना आठवत होतं. फोन धरून त्यांचा हात अवघडला होता.

वहिनींनी मला नंतर सांगितलं, "मला वाटलं यांचा एखादा भाऊ असता तर असा बोलला असता. चांगला होता. पण मला तो ओळखीचा नव्हता."

त्यांना आपल्या मनात वाटत होतं की हे मिस्त्रीला बिलकूल आवडणार नाही. तो शिडी चढून वर आला, हाताचा भुसा पँटला पुसला आणि उभ्याउभ्याच बघायला लागला. मग स्टुलावर बसला. संपलं तेव्हा म्हणाला, "पु-पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. या वेळी तो पडद्याच्या अगदी जवळ गेला. "सांधा कुठंय?" त्याने विचारलं. "कुठे जोडलंय ते दि-दिसत नाही."

"दिसतच नाही, काका," भाची म्हणाली. "तीच तर गंमत आहे."

मिस्त्रीने सांधा चाचपावा तसं पडद्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "असंच ठेव. आता असंच क-करत जा." आणि खाली आला. त्या दिवशी त्याने काम करता करता शीळ घातली. ती मी भिंतीपलीकडून ऐकली.

वहिनींच्या मनाला ते लागलं. इतकी वर्षं बोटं झिजवून केलेलं काम एका बटणाने केलं आणि नवऱ्याला तेच जास्त आवडलं. पण ज्याचं बोलणं त्याची मर्जी, असं म्हणून त्यांनी पुढचे व्हिडिओ त्या बटणानेच केले. कामही भराभर उरकायचं. हातांचं वेगळं शूटिंग करायची गरज उरली नाही, कारण झाकायला काही नव्हतंच.

थोड्याच दिवसांत बघणाऱ्यांची कुरकुर सुरू झाली. 'हल्ली फक्त चेहरा दिसतो, हात दाखवा ना.' 'पट्टी कुठून उचलली ते कळलं नाही.' एका बाईंनी लिहिलं, 'पाय ढिला आहे हे तुम्ही कशावरून ओळखलं? तुम्ही आधी थांबून ऐकायचात.' वहिनींनी मूळ शूटिंग काढून बघितलं. मिस्त्री खुर्चीच्या पायावर बोटाने ठकठक करतो, मग कान लावून गप्प राहतो, आणि मग सांगतो की आतला सांधा सुटलाय. बटणाला ती गप्प जागा रिकामी वाटली. ते ऐकणंच त्याने कापून टाकलं होतं.

वहिनींनी हे मिस्त्रीला सांगायचं ठरवलं, पण त्याआधी दुसरंच काही घडलं. कारागिरीचं शिक्षण देणाऱ्या एका शाळेतून निरोप आला. तिथल्या सुतारकामाच्या सरांनी हे नवे व्हिडिओ बघितले होते. 'आमच्या मुलांसमोर येऊन एक खुर्ची उघडून जोडून दाखवाल का? तुम्ही फार सोपं करून सांगता.' मिस्त्रीने वहिनींना न विचारता परस्पर 'येतो' असं लिहून टाकलं.

त्या दोघांचं तेव्हा जे भांडण झालं ते आमच्या भिंतीने सगळं ऐकलं आणि मीही ऐकलं, कारण माझा नाइलाज होता.

"अहो, तिथे समोर माणसं असणार," वहिनी म्हणत होत्या. "तिथे बटण नाही. कापायला मी नाही."

"म-माहितीये."

"त्यांना वाटतंय तुम्ही व्हिडिओसारखे बोलता."

"वाटू दे."

"आणि अडलं म्हणजे?"

"अडेल."

"इतकी वर्षं मी एवढं जपून..."

"तू का-कापतेस ते मला कळत नाही वाटतं?" मिस्त्रीचा आवाज चढला. "मी तासभर बोलतो आणि व्हिडिओ निघतो दहा मिनिटांचा! बाकीचा मी गेला कु-कुठे?"

आणि मग मला चक्क हसण्याचा आवाज आला. आधी वहिनींचा, मग त्याचाही. मी हातातली बंदूक पुन्हा सुरू केली.

शाळेत जायच्या दिवशी खुर्च्या माझ्या टेम्पोत घातल्या. वहिनी फोन घेऊन खिडकीशी बसल्या, मिस्त्री मधे. वाटेत तो एक अक्षर बोलला नाही. दोनदा पाणी प्यायला.

शाळेचा वर्ग म्हणजे एक लांब शेड होती. भिंतीला हत्यारं टांगलेली, मधे मोठं टेबल, आणि समोर बाकांवर मुलं-मुली. सरांनी ओळख करून दिली, भरपूर कौतुक केलं, आणि म्हणाले, "आता मी मधे बोलत नाही. तुम्ही सगळं त्यांच्याच तोंडून ऐका."

मिस्त्री उभा राहिला. तोंड उघडलं. शब्द आला नाही.

हनुवटी वर गेली, मूठ ॲप्रनवर घट्ट झाली. मागच्या बाकावर कुणीतरी खुसफुसलं. सरांना वाटलं तो काही विसरला, त्यांनी मदतीला म्हणून एक शब्द पुढे केला. मिस्त्रीने हात वर करून त्यांना थांबवलं. आणखी थोडा वेळ तसाच गेला. मग शब्द आला. "मी... मी अडखळतो," तो म्हणाला. "वेळ ला-लागेल. घाई असेल त्याने ज-जावं."

कुणी गेलं नाही. खरं सांगायचं तर सर दारातच उभे होते, त्यामुळे जाणार तरी कसं. पण मिस्त्रीने खुर्ची टेबलावर आडवी केली, पायावर ठकठक केलं आणि कान लावला, तेव्हा पुढची दोन बाकं उठून टेबलापाशी आली. मग हळूहळू बाकीची आली. तो हाताने दाखवत होता आणि जमेल तसं बोलत होता. शब्द अडला की हात चालू राहायचे, त्यामुळे बघणाऱ्यांना थांबल्यासारखं वाटायचं नाही. एका मुलीने विचारलं, "व्हिडिओत तर तुम्ही वेगळेच बोलता?"

"व्हिडिओत बा-बायको बोलते," मिस्त्री म्हणाला. "मी फक्त तों-तोंड हलवतो."

सगळी शेड हसली. वहिनी फोन धरून उभ्या होत्या, त्यांचा फोन हसण्याने हलला. तो भाग अजूनही हललेलाच आहे.

सगळंच काही गोड झालं असं नाही. मागे दोन-तीन मुलं शेवटपर्यंत आपापल्या फोनमध्ये होती. सुटल्यावर फाटकाजवळ एकजण मिस्त्रीची नक्कल करून दुसऱ्याला दाखवत होता, ती आम्ही तिघांनीही ऐकली. मिस्त्रीने मान वळवली नाही. शिवाय वेळेचं गणित पार कोलमडलं. सरस लावायच्या आधीच घंटा झाली आणि खुर्ची तशीच उघडी राहिली. सर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात पुन्हा याल का? एवढं अर्धवट ठेवता येणार नाही." मिस्त्री हो म्हणाला.

परत येताना मात्र तो बोलत सुटला. टेम्पोच्या आवाजात, अडखळत, पण थांबेचना. कुणाचा हात कसा चालत होता, कुणी पटाशी उलटी धरली होती. मधेच म्हणाला, "पहिली पाच मिनिटं मे-मेलो होतो. त्या व्हिडिओतल्या माणसाची मला भी-भीती वाटत होती. वाटलं, तो येणार होता आणि त्याच्याऐवजी मी आलो."

वहिनींनी खिडकीबाहेर बघत फक्त "हं" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री शिडी चढून वर गेला. फुकट वापरायची मुदत संपत आली होती आणि लॅपटॉपच्या पडद्यावर 'पुढे चालू ठेवायचं का' असा प्रश्न सारखा डोकावत होता. वहिनी शाळेतलं शूटिंग समोर घेऊन बसल्या होत्या. मला त्या वेळी वर बोलावलं होतं, कारण कॉम्प्युटरच्या खुर्चीचं कापड फाटलं होतं आणि ते माझ्याच अंगावर येणार होतं.

"काय करायचं?" वहिनींनी विचारलं. "हे ठेवायचं की जुन्यावर परत जायचं?"

"तुला क-काय सोयीचं?"

"सोयीचं नवंच आहे. फोनचं चित्र नीट चालतं, भाऊजींची खटखट जाते. जुन्यात ते काही होणार नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पण जुन्यात माझी बोटं चालतात. आणि ते बटण नाही."

"बटण चांगलं होतं," मिस्त्री म्हणाला.

वहिनींनी माउसवरचा हात काढून घेतला.

"ख-खरंच चांगलं होतं. ए-एकदा तरी मला तसं ऐकायला मिळालं. आईने ऐकलं असतं तर र-रडली असती." तो जरा थांबला. या वेळी अडला नव्हता, नुसता थांबला होता. "पण आता पुरे. नवं घे. ते बटण दा-दाबू नको."

"मग मी पूर्वीसारखं हाताने कापू?"

"काप. पण क-कमी काप."

"कमी म्हणजे किती? मला अंदाज द्या."

मिस्त्रीने विचार केला. "बघणारा कंटाळेल तिथे काप. मला ला-लाज वाटेल म्हणून कापू नको."

वहिनींनी मान हलवली. मग पडद्यावरच्या प्रश्नाला 'हो' म्हटलं आणि महिन्याच्या भाड्याबद्दल जे काय म्हणायचं होतं ते म्हणून घेतलं.

भाचीने त्यांच्यासाठी तिच्या ऑफिसमधून निघालेला एक वापरलेला कॉम्प्युटर बघून दिला. जुनाही पोटमाळ्यावर आहेच. आधीचे सगळे व्हिडिओ त्याच्याच पोटात आहेत आणि ते दुसरीकडे उघडत नाहीत. कधी एखादा जुना तुकडा लागला की वहिनी तो सुरू करतात, तो बराच वेळ घुरघुरतो, आणि त्या तेवढ्यात चहा टाकतात. नव्यात त्यांची बोटं अजून मधूनमधून चुकतात. "अरे देवा" ऐकू येतं, पण कमी.

हात व्हिडिओत परत आले. आता ते झाकायला येत नाहीत, दाखवायला येतात, पण बघणाऱ्याला त्यात काही फरक कळत नसावा. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला मिस्त्री सांगतो, "मी अडखळतो. घाई असेल तर वेग वाढवून ब-बघा." काही जणांना हे आवडत नाही, तसं ते लिहितातही. काही बघायचे सोडून गेले. गेले त्यापेक्षा आले थोडे जास्त, असं वहिनी म्हणतात, पण त्या हिशेबात फारशा पडत नाहीत. पाठ कशी बसवायची ते ज्याला हवंय तो थांबतो.

शाळेत मिस्त्री आता वरचेवर जातो. माझा टेम्पो लागतो, म्हणून मीही जातो. नक्कल करणारा तो मुलगा एकदा सरस लावायला पुढे आला होता. मिस्त्रीने त्याला ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात वहिनींनी माझाही एक व्हिडिओ घेतला. बैठकीवर कापड कसं ताणायचं, कोपरा कसा दुमडायचा. मी अगदी मनापासून बोललो. मला बोलायला अडचण कधीच नव्हती. वर जाऊन बघतो तर माझं भाषण चहा निवायच्या आत संपलं.

"वहिनी, एवढंच?"

"तुमच्यावर बटण दाबलं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "'म्हणजे', 'कसं असतं', 'सांगायचा मुद्दा असा', हे सगळं त्याने काढून टाकलं. एवढंच उरलं."

मिस्त्री खालून हसत होता. मी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. कापडाचा कोपरा मात्र नीट दिसत होता, हे मला मान्य करावं लागलं. तो तसाच टाकायला सांगून मी खाली उतरलो. खुर्च्या थांबल्या होत्या.